दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (३१ जुलै, १९०७ – २९ जून, १९६६) हे भारतीय गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, इतिहासकार व संस्कृत ग्रंथांचे संपादक होते. प्राचीन भारताच्या इतिहासलेखनाला त्यांनी दिलेल्या वळणामुळे सर्वसामान्य वाचक त्यांना प्रामुख्याने इतिहासकार म्हणून ओळखतो. त्यांची नोकरी आणि उपजीविका मात्र आयुष्यभर गणितावर चालली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असताना १९४३मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला एक निबंध आज ध्वनी, चित्रे व मोजमापांच्या संकेतांवर प्रक्रिया करण्याच्या शास्त्रात पायाभूत मानला जातो. त्यातील निष्कर्ष कारहुनेन–लोएव्ह विस्तार या नावाने जगभर शिकवला जातो. कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या आधी तो कोसंबींनी मांडला होता, याची दखल बऱ्याच उशिरा घेतली गेली.

बालपण व शिक्षण

कोसंबींचा जन्म तत्कालीन पोर्तुगीज गोव्यातील कोसबेन येथे झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषा व बौद्ध वाङ्मयाचे नामवंत पंडित होते. बौद्ध धर्माच्या अभ्यासासाठी त्यांनी तरुणपणीच घर सोडले होते आणि नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा प्रवास केला होता. १९१२ ते १९१८ या काळात ते फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. त्यामुळे घरी 'बाबा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दामोदरांचे प्राथमिक शिक्षण पुण्यात झाले.

१९१८मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील विशुद्धिमार्गाच्या संपादनासाठी धर्मानंद अमेरिकेस निघाले, तेव्हा त्यांनी थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना बरोबर घेतले. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज शहरात दामोदरांचे शालेय शिक्षण झाले. मधल्या काळात ते काही दिवस भारतात येऊन गेले व १९२६मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले. तेथे गणिताबरोबरच त्यांनी अनेक युरोपीय भाषा आत्मसात केल्या. जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ यांच्यासारख्या गणितज्ञाचे अध्यापन त्यांना लाभले. पुढे सायबरनेटिक्स या शास्त्राचे जनक म्हणून प्रसिद्धीस आलेले नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्यांचा परिचय याच शहरातला. १९२९मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवून ते भारतात परतले. डॉक्टरेट पदवी त्यांनी घेतली नाही.

बनारस, अलीगढ, पुणे

परतल्यावर कोसंबींनी प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात अध्यापन केले. १९३१मध्ये त्यांचा नलिनी माडगांवकर यांच्याशी विवाह झाला. त्याच वर्षी फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेल यांच्या निमंत्रणावरून ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. वेल त्या वेळी पंचविशीत होते आणि अलीगढच्या गणित विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या सूचनेवरून कोसंबींनी बूर्बाकी नावाच्या काल्पनिक गणितज्ञाच्या तितक्याच काल्पनिक प्रमेयावर एक निबंध लिहून छापला. हा निबंध चेष्टेखातर लिहिलेला होता. पुढे १९३५च्या सुमारास फ्रेंच गणितज्ञांच्या एका गटाने निकोला बूर्बाकी हेच टोपणनाव घेऊन आधुनिक गणिताची ग्रंथमाला लिहिली. त्यामुळे गणिताच्या वाङ्मयात बूर्बाकीचा पहिला उल्लेख एका भारतीय नियतकालिकात सापडतो.

अलीगढच्या काळात कोसंबींचे मुख्य काम भूमितीत होते. दुसऱ्या क्रमाच्या विकलक समीकरणांनी ठरणाऱ्या मार्गांची भूमिती त्यांनी विकसित केली. १९३३मध्ये एका जर्मन नियतकालिकात त्यांचा निबंध आला आणि त्याच अंकात थोर फ्रेंच भूमितिज्ञ एली कार्तां यांनी त्यावर आपली टिपणी छापली. नंतर चिनी गणितज्ञ चेर्न यांनी त्यात भर घातली. हा विषय आज कोसंबी–कार्तां–चेर्न सिद्धान्त म्हणून ओळखला जातो. भूमितीतील या नावात कोसंबी पहिले आहेत, ही गोष्ट पुढील हकिगतीच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१९३३मध्ये ते पुण्यास आले व वडिलांनी जेथे पाली शिकवले त्याच फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. पुढील बारा वर्षे त्यांनी तेथे काढली. १९३४मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. पुण्याच्या या वर्षांतच त्यांची बुद्धी भूमितीकडून संख्याशास्त्राकडे, संख्याशास्त्राकडून नाण्यांकडे आणि नाण्यांकडून इतिहासाकडे वळली. वरकरणी हा भरकटलेला प्रवास दिसतो. एखाद्या गोष्टीत साठलेली माहिती आणि तीत मिसळलेला गोंधळ एकमेकांपासून वेगळे कसे करावयाचे, हा प्रश्न मात्र या सर्व कामांतून सारखा डोकावतो.

फलन-अवकाशातील संख्याशास्त्र

१९४३मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकाच्या सातव्या खंडात कोसंबींचा फलन-अवकाशातील संख्याशास्त्र या विषयावरील निबंध प्रसिद्ध झाला. त्याची लांबी अवघी तेरा पाने आहे. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते, आणि भारतात छापलेले गणिताचे नियतकालिक त्या काळात युरोप-अमेरिकेतील अभ्यासकांच्या हाती नियमित पडण्याची शक्यता थोडीच होती.

निबंधातील प्रश्न असा आहे. नेहमीच्या संख्याशास्त्रात एका निरीक्षणातून एक आकडा मिळतो, उदाहरणार्थ एका माणसाची उंची किंवा एका नाण्याचे वजन. पण काही निरीक्षणे संपूर्ण वक्ररेषेच्या स्वरूपात येतात. दिवसभराच्या तापमानाचा आलेख, किंवा उच्चारलेल्या एखाद्या शब्दामुळे हवेच्या दाबात होणारा चढउतार, ही त्याची उदाहरणे होत. एकच माणूस एकच शब्द शंभर वेळा उच्चारील तर शंभर वक्ररेषा मिळतील. त्या एकमेकींसारख्या असतील, पण तंतोतंत एक नसतील. अशा वक्ररेषांच्या समूहाचे संख्याशास्त्र कसे मांडावे? वक्ररेषेवर बिंदू अगणित असतात. प्रत्येक बिंदूवरचे मूल्य स्वतंत्र आकडा मानले तर आकड्यांना अंत राहत नाही. शिवाय शेजारशेजारच्या बिंदूंवरची मूल्ये एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे हे आकडे खऱ्या अर्थाने स्वतंत्रही नसतात.

कोसंबींनी दिलेले उत्तर थोडक्यात असे आहे. प्रथम सर्व वक्ररेषांची सरासरी काढून ती वजा करावी. मग कोणत्याही दोन क्षणी सरासरीपासून होणारी विचलने एकमेकांबरोबर किती प्रमाणात बदलतात हे मोजावे. यालाच सहप्रचरण म्हणतात. या सहप्रचरणाच्या फलनावरून एक समाकल समीकरण मांडता येते. त्याची उत्तरे म्हणजे परस्परांना लंब असलेल्या मूळ वक्ररेषांचा एक संच होय. समूहातील कोणतीही वक्ररेषा या मूळ वक्ररेषांच्या बेरजेने लिहिता येते. प्रत्येक मूळ वक्ररेषा किती प्रमाणात घ्यावयाची हे सांगणारे सहगुणक असतात, आणि हे सहगुणक एकमेकांशी असंबद्ध असतात. अशा रीतीने परस्परांत गुंतलेल्या अगणित मूल्यांच्या जागी न गुंतलेले सहगुणक येतात आणि ते महत्त्वाच्या उतरत्या क्रमाने लावलेले असतात.

यामागील गणिती साधने नवी नव्हती. समाकल समीकरणांचे आवश्यक ते प्रमेय इंग्रज गणितज्ञ मर्सर यांनी १९०९मध्ये सिद्ध केले होते. मोजक्या चलांसाठी याच धर्तीची पद्धत कार्ल पिअरसन यांनी १९०१मध्ये आणि हॅरल्ड होटेलिंग यांनी १९३३मध्ये दिली होती. ही दोन टोके जोडून संपूर्ण वक्ररेषेला, म्हणजे काळाबरोबर बदलत्या यादृच्छिक राशीला, ही पद्धत लावण्याचे श्रेय कोसंबींकडे जाते.

प्रमेयाचा अर्थ

फूरिये यांच्या पद्धतीने कोणतीही वक्ररेषा ज्या व कोज्या या ठरावीक लहरींच्या बेरजेत मांडता येते, हे कोसंबींपूर्वी शंभराहून अधिक वर्षे ठाऊक होते. फूरियेच्या लहरी सर्वांसाठी सारख्याच असतात. सतारीसाठी त्याच आणि भूकंपाच्या नोंदीसाठीही त्याच. कोसंबींच्या पद्धतीत मूळ वक्ररेषा ज्या त्या समूहाच्या स्वभावावरून ठरतात. शिंप्याने तयार मापाचा कपडा देण्याऐवजी अंगाचे माप घेऊन शिवावा, तसा हा फरक आहे. त्यामुळे कमीत कमी पदांत जास्तीत जास्त माहिती सामावते. पदांची कोणतीही ठरावीक संख्या घेतली, तर त्या संख्येपुरती या विस्तारातील सरासरी वर्गचूक इतर कोणत्याही रैखिक विस्तारापेक्षा अधिक असू शकत नाही.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण ब्राउनीय गतीचे आहे. पाण्यात तरंगणारा सूक्ष्म कण रेणूंच्या धक्क्यांनी वेडावाकडा फिरतो. एका दिशेतील त्याच्या हालचालीचा आलेख कमालीचा दातेरी दिसतो आणि त्यात काही व्यवस्था असेल असे वाटत नाही. या आलेखांना वरील विस्तार लावला तर एकूण प्रचरणापैकी सुमारे ८१ टक्के भाग एकट्या पहिल्या पदात येतो. दुसऱ्यात ९ टक्के आणि तिसऱ्यात सुमारे ३ टक्के भाग येतो. म्हणजे अगणित दात्यांच्या त्या रेषेचा ९३ टक्के चढउतार अवघ्या तीन आकड्यांत सांगता येतो. उरलेली अगणित पदे मिळून ७ टक्क्यांच्या आत राहतात.

ध्वनी, चित्र आणि डिजिटल साठवण

१९४३मध्ये डिजिटल ध्वनिमुद्रण अस्तित्वात नव्हते. आवाज लाखेच्या तबकडीवर खाचेच्या रूपाने साठवला जाई. कोसंबींच्या निबंधाचे तांत्रिक महत्त्व ध्वनी आकड्यांत साठवला जाऊ लागल्यावरच प्रकट झाले.

१९८२मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर प्रत्येक सेकंदाला ध्वनीची ४४,१०० मोजमापे घेतली जातात आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिले जाते. डाव्या व उजव्या अशा दोन वाहिन्या धरल्या तर एका सेकंदाच्या आवाजासाठी १४,११,२०० बिट लागतात. हा साठा फार मोठा आहे. त्यातील लागोपाठची मोजमापे एकमेकांशी घट्ट संबद्ध असतात, त्यामुळे बरीचशी माहिती पुन्हा पुन्हा लिहिली जाते. ही पुनरुक्ती काढून टाकण्यासाठी गुंतलेली मोजमापे असंबद्ध सहगुणकांत बदलावी लागतात, मोठे सहगुणक जपावे लागतात आणि नगण्य सहगुणक सोडून द्यावे लागतात. सर्वोत्तम मार्ग कोणता या प्रश्नाचे गणिती उत्तर १९४३च्या निबंधात येऊन गेले होते.

प्रत्यक्ष वापरात मात्र या विस्ताराची एक मोठी अडचण आहे. मूळ वक्ररेषा संकेताच्या स्वभावावरून ठरत असल्यामुळे त्या प्रत्येक वेळी नव्याने काढाव्या लागतात, आणि साठवलेला ध्वनी पुन्हा उभा करणाऱ्या यंत्रालाही त्या कळवाव्या लागतात. यासाठी लागणारी आकडेमोड पुष्कळच आहे. १९७४मध्ये नासिर अहमद, नटराजन आणि के. आर. राव यांनी पृथक् कोज्या रूपांतर ही नवी पद्धत मांडली, तेव्हा तिची तुलना याच विस्ताराशी केली. ज्या संकेतांत शेजारची मूल्ये एकमेकांसारखी असतात, त्यांच्यासाठी हे रूपांतर सर्वोत्तम विस्ताराच्या अगदी जवळ पोहोचते. त्याच्या मूळ लहरी मात्र ठरलेल्या असल्यामुळे गणित झटपट उरकते. छायाचित्रांसाठी १९९२मध्ये मान्य झालेल्या जेपेग प्रमाणात आठ गुणिले आठ बिंदूंच्या चौकटींवर हेच रूपांतर चालते. एमपी३ या ध्वनिप्रकारात त्याचे सुधारित रूप वापरले जाते, आणि त्याच्या जोडीला मानवी कानाला काय ऐकू येत नाही याचे ज्ञानही उपयोगात आणले जाते. सेकंदाला १,२८,००० बिटांच्या एमपी३ फाइलला कॉम्पॅक्ट डिस्कच्या अकराव्या हिश्श्याइतकी जागा पुरते. कोसंबींनी यांपैकी कोणतेही उपकरण वा प्रमाण निर्माण केले नाही. अशा पद्धती ज्या आदर्शाशी ताडून पाहिल्या जातात तो आदर्श त्यांनी आधी मांडला होता.

ध्वनीतील गोंगाट कमी करण्यासाठी हा विस्तार थेट वापरला जातो. बोललेल्या शब्दाची शक्ती मोजक्या पदांत एकवटते, तर पंख्याच्या घरघरीसारखा गोंगाट जवळजवळ सर्व पदांत सारखा पसरतो. म्हणून ज्या पदांत गोंगाटाशिवाय विशेष काही नाही ती पदे वगळली की आवाज स्वच्छ होतो. चेहरे ओळखण्याच्या पद्धतींत १९८७पासून हाच विस्तार वापरला गेला. द्रवांच्या खळबळत्या प्रवाहाच्या अभ्यासात जॉन लम्ली यांनी १९६७मध्ये तो आणला आणि त्या क्षेत्रात तो पृथक्करणाची एक नित्याची पद्धत बनला.

नावाचा प्रश्न

फिनलंडचे कारी कारहुनेन यांनी हा निष्कर्ष १९४७च्या सुमारास प्रसिद्ध केला, तर फ्रेंच गणितज्ञ मिशेल लोएव्ह यांनी १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेत काट्स व सीगर्ट यांनीही १९४७मध्ये रेडिओ संकेतांतील गोंगाटाच्या अभ्यासातून तोच मार्ग काढला. हे सर्वजण आपापल्या वाटेने तेथे पोहोचले होते. लोएव्ह यांचा संभाव्यताशास्त्रावरील १९५५चा ग्रंथ अनेक विद्यापीठांत पाठ्यपुस्तक झाला आणि त्याबरोबर ते जोडनावही रूढ झाले.

कोसंबींचे नाव मागे पडण्यास युद्धकाळ व नियतकालिकाचा मर्यादित प्रसार ही कारणे होतीच. पण काही अंशी स्वतः कोसंबीही त्यास कारणीभूत होते. एखादा प्रश्न सुटला की त्यावर ग्रंथ लिहावा, विद्यार्थ्यांची फळी उभी करावी, उपयोग दाखवावेत, हा त्यांचा पिंड नव्हता. निबंध छापून ते पुढच्या विषयाकडे वळले. गणितात निष्कर्ष प्रथम काढणाऱ्यापेक्षा तो प्रथम शिकवणाऱ्याचे नाव टिकते, याचे हे ठळक उदाहरण आहे. अलीकडच्या दशकांत अनेक लेखक कोसंबी–कारहुनेन–लोएव्ह असे नाव वापरतात. तथापि अभियांत्रिकीच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत जुने नावच चालू आहे.

जनुके, नाणी व श्लोक

त्याच काळातील दुसऱ्या एका निबंधाबाबत असे घडले नाही. १९४४मध्ये अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स या नियतकालिकात कोसंबींनी जनुकशास्त्रावर चार पानांचा लेख लिहिला. गुणसूत्रावरील दोन जनुके जितकी दूर, तितकी संततीत त्यांची ताटातूट होण्याची शक्यता अधिक असते. परंतु एका ठिकाणी गुणसूत्रांची अदलाबदल झाली की जवळपास दुसरी होण्यास अडथळा येतो, त्यामुळे ताटातुटीच्या प्रमाणावरून अंतर थेट काढता येत नाही. कोसंबींनी हा अडथळा हिशेबात घेणारे सूत्र दिले. ताटातुटीचे प्रमाण २० टक्के असेल, तर अडथळा न मानणाऱ्या हॉल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटीमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने ते सुमारे २१.२ येते. पिकांच्या जनुकीय नकाशांसाठी हे सूत्र आजही त्यांच्याच नावाने वापरले जाते. कृषिशास्त्राच्या विद्यार्थ्याला कोसंबी भेटतात ते प्रथम या सूत्रात.

नाण्यांचा अभ्यास त्यांनी १९४०च्या आसपास हाती घेतला. तक्षशिलेच्या भीर टेकाडावर चांदीच्या आहत नाण्यांचे साठे सापडले होते. त्यांवर ठसे होते, पण राजाचे नाव किंवा वर्ष नव्हते. कोसंबींनी असे मांडले की नाणे हातोहात फिरताना दर व्यवहारात किंचित झिजते, म्हणून एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांचे सरासरी वजन काळाबरोबर उतरत जाते आणि वजनांतील आपसातला फरक वाढत जातो. ही कल्पना तपासण्यासाठी त्यांनी चलनातील हजारो आधुनिक नाणी स्वतः तोलली. मग तक्षशिलेच्या नाण्यांच्या प्रसिद्ध झालेल्या वजनांना तोच नियम लावून त्यांनी दाखवले, की मागील बाजूवर लहान ठसे जितके अधिक, तितके नाणे सरासरीने हलके. हे ठसे वेळोवेळी नाणे पारखताना उठवले गेले असावेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. ज्या नाण्यावर काळाविषयी एक अक्षर लिहिलेले नाही त्याच्या झिजेतच काळाची नोंद झालेली असते, हे त्यांनी आकड्यांनी सिद्ध केले. नाणी पाडणाऱ्या राजांचा शोध घेता घेता ते प्राचीन वाङ्मयाकडे आणि तेथून इतिहासाकडे गेले.

वाङ्मयातही त्यांची कार्यपद्धती तीच राहिली. भर्तृहरीच्या शतकत्रयाच्या शेकडो हस्तलिखितांची तुलना करून त्यांनी १९४८मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. शतकांत उघड उघड तीनशे श्लोक हवेत. हस्तलिखितांत मात्र भर्तृहरीच्या नावावर साडेआठशेच्या आसपास श्लोक जमा झाले होते. बहुतेक सर्व परंपरांत आढळणारे सुमारे २०० श्लोक त्यांनी मूळ गाभा म्हणून वेगळे केले, संशयित श्लोकांचा दुसरा गट केला आणि एखाददुसऱ्या परंपरेत आढळणारे श्लोक तिसऱ्या गटात टाकले. १९५७मध्ये वा. वि. गोखले यांच्याबरोबर त्यांनी संपादित केलेला विद्याकराचा सुभाषितरत्नकोश हार्वर्डच्या प्राच्यविद्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला.

टाटा संस्था आणि गणकयंत्रे

फर्ग्युसन महाविद्यालय १९४५मध्ये सुटले. होमी भाभा यांनी त्याच वर्षी स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कोसंबी १९४६पासून गणिताचे प्राध्यापक म्हणून काम करू लागले. संस्था मुंबईत होती, पण त्यांनी पुण्याचे घर सोडले नाही. डेक्कन क्वीनने पुणे–मुंबई ये-जा करणे हा त्यांचा नित्यक्रम झाला, आणि वाचन-लेखनाचा बराच भाग त्या गाडीत होई.

१९४८–४९मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन ते इंग्लंड व अमेरिकेत गणकयंत्रांच्या सैद्धान्तिक व तांत्रिक बाजूंचा अभ्यास करण्यासाठी गेले. त्या दौऱ्यात शिकागो विद्यापीठात त्यांनी भूमिती शिकवली आणि प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेत ते काही काळ राहिले. हा काळ विलक्षण होता. १९४८मध्येच क्लॉड शॅनन यांनी माहिती सिद्धान्त मांडला, वीनर यांचा सायबरनेटिक्स हा ग्रंथ निघाला आणि आकड्यांबरोबर आज्ञाही स्मृतीत साठवणारे पहिले इलेक्ट्रॉनिक यंत्र मँचेस्टरला चालू झाले. संकेत, गोंगाट आणि साठवण यांचे शास्त्र जेथे घडत होते तेथे कोसंबी स्वतः उपस्थित होते, आणि या शास्त्राला लागणारे एक प्रमेय पाच वर्षांपूर्वी त्यांच्या नावावर छापलेले होते. तरीही परतल्यावर त्यांनी तो धागा पुढे नेला नाही. भारतीय बनावटीचे टिफ्रॅक हे गणकयंत्र पुढे टाटा संस्थेतच आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधले; १९६०मध्ये ते पूर्ण स्वरूपात चालू झाले.

कोसंबींचे मन तोवर इतिहासात गुंतले होते. १९५६मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना ठरणारा त्यांचा ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध झाला. राजवंशांच्या याद्यांऐवजी उत्पादनाची साधने व समाजसंबंध यांच्या आधारे इतिहास मांडण्याची त्यांची रीत त्यानंतरच्या पिढीला मार्गदर्शक ठरली. पुण्याच्या परिसरातील टेकड्या, मेंढपाळांच्या वाटा, पालखीचे मार्ग, म्हसोबा-वेताळाची ठाणी व देवींची स्थाने ते पायी धुंडाळत. वाटेत सापडणारी गारगोटीची सूक्ष्म हत्यारे गोळा करीत. आजची वाट प्रागैतिहासिक माणसाचीही वाट असू शकते, हे त्यांनी या हत्यारांवरून दाखवले. हे संशोधन १९६२च्या मिथ अँड रिअ‍ॅलिटी या ग्रंथात आले आहे.

रीमानचे गृहीतक आणि अखेरची वर्षे

मूळ संख्यांच्या वाटणीविषयीचे रीमानचे गृहीतक हा गणितातील सर्वांत प्रसिद्ध अनिर्णित प्रश्नांपैकी एक आहे. १९५९मध्ये कोसंबींनी संभाव्यताशास्त्राच्या मार्गाने एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यातून हे गृहीतक सिद्ध होते असा दावा केला. त्यासाठी त्यांनी नियतकालिक निवडले ते कृषी संख्याशास्त्राचे, जेथे या विषयाचे परीक्षक असण्याचा संभव कमी होता. सिद्धता ग्राह्य ठरली नाही. चूक अनेकांची होते. या प्रश्नाने तर अनेक नामवंतांना चकवले आहे. परंतु कोसंबींनी दावा सोडला नाही आणि गणितज्ञांच्या वर्तुळात त्यांची पत ढासळली. एस. डुक्रे या टोपणनावाने त्यांनी याच सुमारास अंकशास्त्रावर काही निबंध छापले.

संस्थेशी त्यांचे संबंध इतर कारणांनीही ताणलेले होते. ते जागतिक शांतता चळवळीत सक्रिय होते. भारतासारख्या देशाने अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेवर भर द्यावा, असे ते जाहीरपणे मांडत. देशाच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे सूत्रधार आणि कोसंबींच्या संस्थेचे संचालक ही दोन्ही पदे भाभांकडेच होती. १९६२मध्ये कोसंबींच्या नेमणुकीची मुदत संपली, ती वाढवण्यात आली नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते नोकरीविना राहिले.

१९६४मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद वैज्ञानिकाचे पद दिले आणि पुण्याची महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था त्यासाठी निश्चित झाली. प्राचीन भारताची संस्कृती व सभ्यता यांवरील त्यांचा ग्रंथ १९६५मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. २९ जून १९६६ रोजी पुण्यातील राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५८ वर्षांचे होते. त्यांच्या कन्या मीरा कोसंबी यांनी पुढे समाजशास्त्रात, विशेषतः एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या स्त्रियांच्या अभ्यासात, मोलाचे काम केले.

मरणोत्तर

कोसंबींच्या निधनानंतर त्यांच्या इतिहासग्रंथांच्या अनेक आवृत्त्या निघाल्या व भारतीय भाषांत त्यांची भाषांतरे झाली. गणिती निबंध मात्र निरनिराळ्या देशांतील नियतकालिकांत विखुरलेले राहिले. जन्मशताब्दीनिमित्त २००८मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे पाच रुपयांचे तिकीट काढले. गणित व संख्याशास्त्रातील त्यांच्या निवडक निबंधांचा रामकृष्ण रामस्वामी यांनी संपादित केलेला संग्रह २०१६मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९४३चा तेरा पानांचा निबंध प्रथमच पुस्तकरूपाने वाचकांना सहज उपलब्ध झाला.